एफआयआर झाली, आता भाचीसाठी सरकारकडे काय मागायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न दोन ओळींत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची भाची नऊ वर्षांची. शिकवणीच्या सरांबद्दल तिनं आईला सांगितलं, चार दिवसांपूर्वी पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला, सर अटकेत आहेत. आता घरातली मोठी माणसं म्हणताहेत, पोरीला कोर्टाच्या चकरा नकोत, मिटवून टाका. मुलगी शाळेत जायला नाही म्हणते. तुम्ही विचारताय की सरकार या मुलीसाठी काही करतं का, की त्यांचं काम आरोपीला आत टाकण्यापुरतंच? आणि असं घडूच नये म्हणून कुणी काही करतं का?

मी या कामात चौदा वर्षं आहे. आधी समुपदेशक, मग एक मुदत बाल कल्याण समितीवर, आणि आता पॉक्सोच्या खटल्यांत मुलांची सहायक व्यक्ती, म्हणजे सगळे ज्याला सपोर्ट पर्सन म्हणतात ते. सरकार बरंच काही करतं. पण त्यातलं निम्मं मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि काय मागायचं हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

‘मिटवून टाका’चं आधी बघू. हा गुन्हा तडजोडीनं मिटवता येण्याजोगा नाही. तक्रार आईनं दिली असली तरी खटला सरकारचा असतो, तो आईला मागे घेता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांनी ‘आमचं मिटलं’ असं लिहून दिलं होतं आणि तिथल्या उच्च न्यायालयानं गुन्हा रद्दही केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवून खटला पुन्हा उभा केला. त्यामुळे प्रत्यक्षात ‘मिटवणं’ म्हणजे दोन वर्षांनी मुलीला साक्षीला उभं करून ‘असं काही झालंच नाही’ म्हणायला लावणं. मी अशा मुली पाहिल्या आहेत. कोर्टाच्या चकरा त्यांच्याही चुकत नाहीत, वर आपण खोटं बोललो हे ओझं वेगळंच. मोठ्यांना एवढंच सांगा की तो पर्याय आता हातात नाही, आणि विषय बंद करा.

आता कागदांकडे वळू. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांनी गुन्ह्याची माहिती २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते. तुमच्याकडे चार दिवस झाले, म्हणजे तो कागद गेलेला असायलाच हवा. तपास अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारा, ‘समितीला पत्र कोणत्या जावक क्रमांकानं गेलं?’ जावक क्रमांक, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्राचा नोंदवहीतला नंबर, हाच शब्द वापरा. ‘पाठवलंय की’ आणि ‘जावक क्रमांक अमुक’ या दोन उत्तरांत बरंच अंतर असतं, आणि पत्र खरंच राहून गेलं असेल तर ते त्याच दुपारी निघतं.

समितीचं नाव काढलं की लोक घाबरतात. मुलगी उचलून नेतील, सुधारगृहात टाकतील असं वाटतं. तुमच्या बाबतीत तसं काही होणार नाही. आरोपी त्याच घरात राहणारा असेल, मूल एखाद्या संस्थेत असेल किंवा त्याला घरच नसेल, तेव्हा पोलिसांनी मुलाला २४ तासांत समितीपुढे हजर करायचं असतं, आणि त्याला तिथून हलवायचं का हे समितीनं तीन दिवसांत ठरवायचं असतं. तुमची भाची आईजवळ सुरक्षित आहे. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. बाल न्याय अधिनियम २०१५ नं तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत. आमच्या वेळी बैठक निरीक्षणगृहाच्या आवारातल्या एका खोलीत व्हायची. पंखा कुरकुरायचा, टेबलाच्या एका कोपऱ्यात रंगीत खडूंचा डबा असायचा. कोर्टासारखं तिथं काही नसतं.

त्या समितीकडून तुम्हाला सगळ्यात आधी हवी आहे सहायक व्यक्ती. तक्रारीपासून निकालापर्यंत मुलीसोबत राहणारं हे एक माणूस. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीनं ती नेमते. पूर्वी पालकांना न विचारताच ‘नको म्हणाले’ अशी नोंद करून फाइल पुढे सरकवली जायची. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहायक व्यक्ती पुरवणं ही राज्याची जबाबदारी आहे, ती ऐच्छिक धरता येणार नाही, आणि नेमायची नसेल तर समितीनं कारण लेखी नोंदवावं. नेमलेल्या व्यक्तीशी मुलीचं जमलं नाही तर बदलून मागता येते.

ही व्यक्ती नेमकं काय करते? माझं सांगते. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी तीन फोन करते. सरकारी वकिलांना विचारते, उद्या साक्ष खरंच होणार का. कोर्टातल्या लिपिकाला विचारते, साहेब रजेवर तर नाहीत ना. तिसरा फोन तपास अधिकाऱ्यांना, कारण आरोपी तुरुंगात असेल आणि त्याला आणायला पोलीस पथकच मिळालं नाही तर सगळं अडतं. पहिल्या वर्षी हे कळत नव्हतं. अकरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन मी सकाळी अकराला पोचले. साडेचारला कळलं की बचावाचे वकील आलेच नाहीत, तारीख पडली. दिवसभर ती बाकावर बसून फरश्या मोजत होती. आरोपीचा भाऊ समोरून दोनदा गेला, काही बोलला नाही, फक्त गेला. त्या रात्री तिनं अंथरूण ओलं केलं, असं आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी सरकारी वकिलांशी आधी बोलून ठेवते. नंबर जवळ आला की ते फोन करतात, आणि तोवर आम्ही कोर्टाच्या आवाराबाहेर कुठंतरी असतो.

कायद्यात हे सगळं आधीपासून आहे, म्हणून तर चिडायला होतं. कलम ३३ म्हणतं, मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, मध्ये विश्रांती द्यायची, आणि बचावाच्या वकिलांनी प्रश्न थेट विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. मूल आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय हवी. सुनावणी बंद दाराआड. न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण, असं कलम ३५ सांगतं. ३० दिवसांत साक्ष झालेली मी फार कमी वेळा पाहिली. उगाच आशा लावत नाही, वेळ लागेल. पण जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे मुलांसारख्या सहज दडपणाखाली येणाऱ्यांसाठी, वेगळी जबाब केंद्रं उभारायचे निर्देश दिले, आणि जिथं ती नीट चालतात तिथला फरक डोळ्यांना दिसतो. वेगळं दार, छोटी खोली, खेळणी, न्यायाधीश पडद्यावर. तुमच्या जिल्हा न्यायालयात असं केंद्र आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. साक्षीच्या आठवडाभर आधी मुलीला ती खोली नुसती दाखवून आणता येते. मी नेहमी नेते. एकीनं फक्त ‘माझी खुर्ची कोणती?’ एवढंच विचारलं, त्या खुर्चीत बसून पाय हलवले आणि म्हणाली, चला.

जबाब बहुधा झालाच असेल. झाला नसेल, किंवा पुरवणी जबाब घ्यायचा असेल, तर तो मुलीच्या घरी किंवा तिला आवडेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. एकदा एका मुलाचा जबाब त्याच्या आजीच्या घरी होता. मॅडम अगदी नियमाप्रमाणे सलवार-कुर्त्यात आल्या, खाली सतरंजीवर बसल्या, छान बोलायला लागल्या. पोरगा गप्पच. नंतर मला म्हणाला, ‘पोलीस आहेत त्या, त्यांचे बूट बघा.’ पायात तेच तपकिरी बूट होते. पुढच्या वेळी त्या चपला घालून आल्या आणि मुलगा बोलला. त्या अधिकारी आजही फोन करतात, चांगल्या आहेत. मुलांच्या नजरेतून काय सुटत नाही ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. पोलिसांखेरीज दंडाधिकाऱ्यांपुढेही एक जबाब होतो, तिथं आरोपीचे वकील नसतात.

वैद्यकीय तपासणी मुलीची असेल तर महिला डॉक्टरनं, आईच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत. उपचार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं लगेच आणि मोफत द्यायचे असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. एका खासगी रुग्णालयानं आमच्याकडे अनामत रक्कम मागितली होती. कलम लिहिलेला कागद काउंटरवर ठेवल्यावर मागणी मागे घेतली गेली, पण त्या वीस मिनिटांत आई रडून बसली होती.

जामिनाचं लक्षात ठेवा, कारण घरचे नेमके तिथं गाफील राहतात. आरोपीनं जामीन मागितला तर मुलीच्या पालकांना त्याची सूचना मिळायला हवी आणि त्यांना म्हणणं मांडता येतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याबद्दल स्पष्ट निर्देश दिले आहेत. सर त्याच वस्तीत राहतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं.

पैशाबद्दल तुम्ही संकोचानं विचारलंय. संकोच सोडा, तो मुलीचा हक्क आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, तातडीची विशेष मदत. प्रवास, कपडे, अन्न अशा गरजांसाठी समिती शिफारस करते आणि शिफारशीपासून आठवड्याच्या आत रक्कम द्यायची असते. ही फार कमी लोक मागतात, कारण फार कमी लोकांना माहीत आहे. दोन, नुकसानभरपाई. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई खटला चालू असतानाच देऊ शकतं, निकालाची किंवा शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. आरोपी निर्दोष सुटला तरी मुलाचं नुकसान झालंय असं न्यायालयाला वाटलं तर ते भरपाईची शिफारस करू शकतं. तीन, अत्याचारग्रस्त महिला आणि मुलांना अर्थसाहाय्य देणारी आपल्या राज्याची मनोधैर्य योजना. २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, तेव्हा कमाल मर्यादा ३ लाख होती, नंतर सुधारणा होऊन १० लाखांपर्यंत गेली. प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातं. गुन्ह्याच्या स्वरूपावर रक्कम ठरते, सगळ्यांना १० लाख मिळत नाहीत, आणि मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीच्या मदतीसाठी, जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारता येतं.

इथं बँक खात्याची एक भानगड सांगते. एका प्रकरणात रक्कम मंजूर झाली आणि सात महिने पडून राहिली. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या खात्यावर पालक म्हणून वडिलांचं नाव होतं, आणि आरोपी वडीलच होते. आईच्या नावानं नवीन खातं काढायला बँकेला मुलीचा जन्मदाखला हवा, आणि दाखला सासरी. तुमच्याकडे तसं नाही, तरी आई पालक असलेलं खातं आत्ताच काढून घ्या. जन्मदाखलाही हाताशी असू द्या. खटल्यात वयाचा मुद्दा निघाला की शाळेचा किंवा जन्माचा दाखलाच आधी बघतात.

आता जरा घरातलं बोलू. मुलीला कुणीही ‘काय झालं ते सांग बरं’ असं विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, ताई. माया म्हणून विचारलं तरी ते तिला पुन्हा सगळ्यातून नेणारं असतं, आणि पुढे कोर्टात ‘मावशीनं पढवलं’ असं म्हणायला जागा मिळते. ती आपणहून बोलली तर ऐका, टोकू नका, आणि तिचेच शब्द तारखेसह वहीत लिहून ठेवा. दुसरं, ओळख. मुलीचं नाव, फोटो, घर, शाळा, कशावरूनही ती कोण हे कळेल असं छापणं गुन्हा आहे. हे बातमीदारांना ठाऊक असतं, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नसतं. तुमच्या ग्रुपवर ‘बी विंगमधली ती मुलगी’ असं काही आलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि अॅडमिनला एकदाच, शांतपणे सांगा.

शाळेचं मला वाटतं घाई नको, पण महिनाही जाऊ देऊ नका. मुख्याध्यापिकांना एकट्या भेटा, ‘तब्येतीचं कारण आहे, समुपदेशन चालू आहे’ एवढंच सांगा. पहिले काही दिवस अर्धवेळ बसू द्या म्हणा. वर्गशिक्षिकेला तपशील कळायची गरज नाही. समुपदेशनासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा सखी वन स्टॉप सेंटर, दोन्हीकडे सोय असते. दर्जा जिल्ह्यागणिक बदलतो, हे मान्य करते. एखादी चांगली ताई भेटली तर तिला सोडू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, घडूच नये म्हणून काय. इथं माझं उत्तर फार उत्साहाचं नाही. यंत्रणा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून. २०२३ पासून राज्य सरकारचा महिला व बाल विकास विभाग तो चालवतो आणि तो ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडलेला आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं आणि मग सगळे हलले, शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे झाले. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, पण तो व्हरांड्यात असतो. आणि घरगुती शिकवणीत यातलं काहीच नसतं, ना समिती, ना तक्रारपेटी.

बालविवाहाच्या कामाशी तुलना केली की फरक कळतो. तिथं सरकारचा प्रतिबंध खरंच चालतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. लग्नाला तारीख असते, मांडव असतो, आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. कुणीतरी १०९८ ला फोन केला की दोन तासांत गाडी पोचते, आणि अक्षता पडायच्या आधी लग्न थांबतं. लैंगिक शोषणाला तारीख नसते आणि मांडवही नसतो. तिथं मूल बोलतं का आणि ऐकणारं माणूस विश्वास ठेवतं का, यावर सगळं अवलंबून. तुमच्या बहिणीनं ऐकलं आणि त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठलं. एवढ्या वर्षांत हे त्याच दिवशी घडलेलं मी मोजकंच पाहिलंय, तिला माझा निरोप द्या.

त्याच सरांकडे आणखी मुलं जात असतील. त्यांच्या पालकांनी बोलावं असं तुम्हाला वाटतंय, बरोबर आहे, पण घरोघरी जाऊन विचारू नका. तपास अधिकाऱ्यांना विद्यार्थ्यांची यादी काढायला सांगा आणि त्या मुलांशी समुपदेशकामार्फत बोला अशी विनंती अर्जात लिहा.

आणि तो अर्ज उद्याच. साधा कागद, बाल कल्याण समितीच्या नावे, सही मुलीच्या आईची. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, आणि खाली तीन मागण्या. सहायक व्यक्ती नेमावी, विशेष मदतीची शिफारस करावी, समुपदेशनाची सोय करावी. मुलीचं नाव पाकिटावर नको, आतल्या कागदावरच. दोन प्रती न्या. समितीनं महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असतं, तरी निघण्याआधी फोन करून आज बैठक आहे ना ते विचारा. एक प्रत द्या, दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. आवक लिपिक जेवायला गेलेत असं सांगितलं तर जेवून येईपर्यंत बसा.